लेक डीओ होणार, म्हणजे डॉक्टरच होणार ना?

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही बावीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. थोरल्या लेकीने मेडिकलसाठी दुसऱ्यांदा अर्ज केले. एमडीच्या एकाही कॉलेजात जागा मिळाली नाही, एका ठिकाणी वेटलिस्टवर आहे. मिझुरी राज्यात कर्क्सव्हिल नावाच्या लहानशा गावात ए. टी. स्टिल युनिव्हर्सिटीचं ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेज आहे, तिथे मात्र प्रवेश मिळाला. इंटरव्ह्यूहून आली तेव्हा म्हणाली, ‘आई, मला तिथे आवडलं.’ पण माझे मोठे दीर नाशिकला फिजिशियन आहेत. भाऊजी म्हणाले, ‘ही हाडवैद्याची डिग्री. लंडनला असे ऑस्टिओपॅथ गल्लोगल्ली आहेत, त्यांना साधं औषध लिहून देता येत नाही.’ ह्यांच्या मित्राचा मुलगा कॅरिबियन बेटावर शिकतोय. ते म्हणतात, निदान नावापुढे एमडी तरी लागेल. ह्यांचं म्हणणं, अजून एक वर्ष थांबू. कॉलेज खासगी, त्यात दंतवैद्यकापासून फिजिओथेरपीपर्यंत सगळेच कोर्स, त्यामुळे मलाही शंका येते की हा धंदा तर नाही? फीचा आकडा ऐकून पोटात गोळा आला. कोथरूडचा फ्लॅट विकायचं चाललंय. उद्या तिला पुण्यात प्रॅक्टिस करावीशी वाटली तर करता येईल का? आणि नातेवाइकांना काय सांगायचं? डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत.
— एक आई, एडिसन

उत्तर :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. हो, तुमची लेक पूर्ण डॉक्टर होईल. अमेरिकेत डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, झालेल्या माणसाला पन्नासही राज्यांत एमडीइतकाच परवाना मिळतो. औषधं लिहिणं, शस्त्रक्रिया, बाळंतपणं, भूल देणं, आयसीयू सांभाळणं, यात कुठेही ‘हे तुला करता येणार नाही’ अशी रेघ नाही. चार वर्षं कॉलेज, त्यातली पहिली दोन बहुतेक वर्गात आणि प्रयोगशाळेत, पुढची दोन हॉस्पिटलांत. त्यानंतर विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं स्पेशलायझेशनचं शिक्षण. पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी यंत्रणा वेगळी होती. जून २०२० अखेर तीही एक झाली. आता दोघंही त्याच जागांसाठी रांगेत उभे असतात आणि एकाच वॉर्डात रात्रपाळी करतात. मी स्वतः महाराष्ट्रातून एमबीबीएस करून आले आणि रेसिडेन्सी केली ती डीओ सहकाऱ्यांबरोबर. पेशंटच्या खाटेपाशी त्यांच्यात आणि बाकीच्यांत मला फरक सांगता आला नसता. भाऊजींना ओळखीचं नाव हवं असेल, तर राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर म्हणून व्हाइट हाउसमध्ये काम केलेले शॉन कॉन्ली आणि केविन ओ'कॉनर हे दोघंही डीओ.

भाऊजींचा गैरसमज का झाला तेही समजून घ्या, कारण ते सगळं खोटं बोललेले नाहीत. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा खरोखर वेगळा व्यवसाय आहे. त्यांच्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यांची स्वतंत्र नोंदणी आहे, ते हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करतात आणि ते डॉक्टर नसतात. युरोपात आणि ऑस्ट्रेलियातही बहुतेक ठिकाणी तसंच आहे. अमेरिकेत हीच शाखा गेल्या शतकात वैद्यकाचं पूर्ण शिक्षण अंगीकारत गेली आणि कायद्याने डॉक्टरांच्या पंक्तीत येऊन बसली. शिवाय भाऊजींचा एमडी हा एमबीबीएसनंतर तीन वर्षं घासून मिळवलेला एमडी आहे. अमेरिकेतला एमडी ही पहिलीच वैद्यकीय पदवी असते, आपल्याकडच्या एमबीबीएसच्या जागी. डीओही तीच. दोघांचं स्पेशलायझेशन रेसिडेन्सीत होतं. हे एकदा त्यांना सांगा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

हाडवैद्य या शब्दाला मात्र इतिहास आहे, आणि तो नेमका तुमच्या लेकीच्या कॉलेजाचा आहे. अँड्र्यू टेलर स्टिल हा १८२८ साली व्हर्जिनियात जन्मलेला, सीमाप्रदेशात डॉक्टरकी करणारा माणूस. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. त्या काळातली औषधं म्हणजे पाऱ्याचे क्षार, जुलाब, वांत्या, अफू. स्वतः डॉक्टर असून त्याला काहीही करता आलं नाही. त्यातून त्याचा त्या औषधांवरचा विश्वासच उडाला. शरीराची रचना नीट असली तर शरीर स्वतःला बरं करतं, या विचारावर त्याने १८७४ मध्ये आपली पद्धत उभी केली. कॅन्ससमध्ये कुणी उभं करेना म्हणून तो कर्क्सव्हिलला आला. तिथे तो काही काळ खरोखरच ‘विजेच्या वेगाने हाडं बसवणारा’ अशी जाहिरात करून गावोगाव फिरत असे. १८९२ मध्ये त्याने तिथे शाळा काढली, ऑस्टिओपॅथीची जगातली पहिली. पहिल्याच वर्गात त्याने मुलींना घेतलं. काही वर्षांतच रेल्वेने इतके रुग्ण येऊ लागले की त्या आडगावाचं नाव देशभर झालं. तुमची लेक जिथे जाणार ते या साऱ्या शाखेचं मूळ पीठ आहे. ज्या लाकडी घरात स्टिलचा जन्म झाला ते घर आणि शाळेची पहिली इमारत आजही तिथल्या संग्रहालयात आहे.

पुढची ऐंशी वर्षं डीओंनी एकेका राज्यात भांडून हक्क मिळवले. १८९६ मध्ये व्हरमाँटने सुरुवात केली, १९७३ मध्ये मिसिसिपी हे शेवटचं राज्य आलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. ते दार उघडलं साठच्या दशकात, आणि १९९६ मध्ये रोनाल्ड ब्लँक हे डीओ अमेरिकी सैन्याचे सर्जन जनरल झाले. यातली एक हकिगत तुमच्या घरातल्या वादाला थेट लागू पडते. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात एमडी आणि डीओ संघटनांनी एकत्र यायचं ठरवलं. तेव्हा सुमारे दोन हजार डीओंना एक छोटं चर्चासत्र करून आणि ६५ डॉलर भरून एमडी ही अक्षरं देण्यात आली. सोमवारी डीओ असलेला डॉक्टर मंगळवारी एमडी झाला, पण त्याचे पेशंट आणि त्याचे हात तेच राहिले. नव्या डीओंना परवाने देणं मात्र त्या राज्याने बंद केलं. ते १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुरू करायला लावलं.

आता हाताने करायच्या उपचारांबद्दल. डीओ विद्यार्थ्यांना बाकी सगळ्या अभ्यासाशिवाय सुमारे दोनशे तास हे शिकवतात. पाठीचे मणके, बरगड्या, सांधे, स्नायू हाताने तपासणं आणि त्यांवर उपचार करणं. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कंबरदुखीसाठी याला बरा आधार आहे. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात या उपचारांनी रुग्ण नेहमीच्या उपचारांइतकेच सुधारले, आणि औषधं मात्र कमी लागली. पण कवटीची हाडं हाताने किंचित हलवून आजार बरा करण्याचा जो भाग आहे, त्याला भक्कम पुरावा नाही. तुमच्या लेकीला तो शिकावा लागेल, परीक्षेत लिहावा लागेल, आणि पुढे आयुष्यभर वापरायची सक्ती कुणी करणार नाही. बहुतेक डीओ पुढे हे उपचार फारसे करतही नाहीत. पण दोनशे तास माणसाच्या शरीराला हात लावून तपासायची सवय लागलेला डॉक्टर मला तरी आवडतो. हल्ली स्कॅन आधी आणि हात नंतर, अशी गत झाली आहे.

मग फरक कुठेच नाही का? आहे, आणि तो तुमच्यापासून लपवणार नाही. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग, कान-नाक-घसा, अस्थिशल्य अशा चुरशीच्या शाखांमध्ये डीओ विद्यार्थ्याला एमडीपेक्षा जास्त चढ चढावा लागतो. काही नामांकित हॉस्पिटलांत अजूनही आधी कॉलेजाचं नाव बघतात. शिवाय परीक्षा दुप्पट होतात. डीओंची परवाना परीक्षा कॉमलेक्स, पण एमडीच्या मुलांशी तुलना सोपी व्हावी म्हणून बरेच डीओ विद्यार्थी यूएसएमएलई ही एमडींची परवाना परीक्षासुद्धा देतात. दोन्हींचा पहिला टप्पा २०२२ पासून नुसता पास-नापास झाला, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना वजन आलं. लेकीला विचारा, तिला काय व्हायचंय? फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, मानसोपचार, इमर्जन्सी, भूलशास्त्र यांपैकी काही मनात असेल, तर डीओमुळे तिचं फारसं काही अडणार नाही. ‘मला मेंदूचीच शस्त्रक्रिया करायची आहे, दुसरं काही नको’ असं ती म्हणाली, तर पहिल्या वर्षापासून संशोधन, यूएसएमएलई, ओळखी, सगळ्यावर अधिक जोर लावावा लागेल. तोही डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय असेल.

कॅरिबियनबद्दल मी जरा जोरात बोलणार आहे. रेसिडेन्सीच्या जागांचं देशभरातलं वाटप दरवर्षी होतं, त्याला मॅच म्हणतात. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना पहिल्या वर्षाची रेसिडेन्सी मिळाली, डीओंपैकी ९२.३ टक्क्यांना. परदेशी कॉलेजांतून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी, म्हणजे ज्यात कॅरिबियनला गेलेली बहुतेक मुलं येतात, ६७ टक्क्यांना. प्रत्येक तिघांतला एक रेसिडेन्सीविना, आणि डोक्यावर कर्ज तेवढंच. रेसिडेन्सीशिवाय अमेरिकेत नावापुढची एमडी ही अक्षरं भिंतीवर टांगण्यापुरतीच उरतात. आणि या आकड्यात आधीच गळालेली मुलं धरलेलीच नाहीत. त्या बेटांवरच्या बऱ्याच कॉलेजांत पहिल्या दोन वर्षांत मोठी गळती असते. ह्यांच्या मित्रांच्या मुलाचं भलं होवो, खूप मुलं तिथून उत्तम डॉक्टर होऊन येतातही. पण हातात अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त डीओ कॉलेजाचा प्रवेश असताना केवळ दोन अक्षरांसाठी लेकीला तिकडे पाठवू नका. तुमच्या सगळ्या पर्यायांत मला हा एकच सरळसरळ चुकीचा वाटतो.

एक वर्ष थांबण्याचा विचार करताना हे लक्षात घ्या. एमडी कॉलेजांना दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुलं अर्ज करतात, पहिल्या वर्षाला दाखल होतात सुमारे तेवीस हजार. तिने दोनदा प्रयत्न केला आहे. तिसऱ्या वेळी तिच्या अर्जात नवं काय असेल? एमकॅटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, गुण बरेच वाढतील, की वर्षभर पेशंटबरोबरचं काम होईल, की नुसतं वय एकाने वाढेल? ठोस काही नसेल तर थांबू नका. शिवाय मिळालेला प्रवेश सोडून पुन्हा अर्ज केला, तर डीओ कॉलेजं साहजिकच विचारतात, मागच्या वेळी नको म्हणालीस, मग आता का? वेटलिस्टवरून बोलावणं आलंच तर तेव्हा बघता येईल. डिपॉझिट परत मिळत नाही, एवढाच तोटा. थांबायचंच ठरलं, तर एक गोष्ट नक्की करा. तुमच्याच राज्यात, दक्षिण जर्सीत, रोवन युनिव्हर्सिटीचं ऑस्टिओपॅथिक कॉलेज आहे. ते सरकारी आहे, आणि राज्यातल्या रहिवाशांना तिथे फी कमी पडते. पुलापलीकडे फिलाडेल्फियात १८९९ पासूनचं खासगी डीओ कॉलेजही आहे. तिथे अर्ज केला होता का, हे तुमच्या पत्रात नाही.

खासगी म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते मला कळतं. आपल्या पिढीने महाराष्ट्रात खासगी मेडिकल कॉलेज म्हणजे डोनेशन, मॅनेजमेंट कोटा आणि बॅगेतले पैसे असंच पाहिलंय. अमेरिकेत खासगी असण्यात तसं काही नाही, हार्वर्ड आणि जॉन्स हॉपकिन्सही खासगीच आहेत. बघायचं असतं ते कॉलेज नफ्यासाठी चालतं की ना-नफा तत्त्वावर. डीओच्या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत नफ्यासाठी चालणारी काही कॉलेजं निघाली आहेत, त्यांच्याबद्दल जास्त चौकशी करावी. ए. टी. स्टिल युनिव्हर्सिटी ना-नफा आहे. कोर्स पुष्कळ आहेत हे खरं. कर्क्सव्हिलच्या मूळ कॉलेजाशिवाय ॲरिझोनातल्या मेसा इथे २००३ पासून दंतवैद्यक आणि २००७ पासून दुसरं डीओ कॉलेज आहे. मिझुरीत २०१३ पासून आणखी एक दंतवैद्यक कॉलेज आहे. फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवणशास्त्र, फिजिशियन असिस्टंट, सार्वजनिक आरोग्य हेही शिकवतात. एका छपराखाली आरोग्याची सगळी कामं शिकवणारी अशी विद्यापीठं इथे नेहमीची आहेत. मेसाच्या कॉलेजाची पद्धत तर मला फार आवडते. तिथली मुलं दुसऱ्या वर्षापासूनच देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत राहून शिकतात, जिथे विमा नसलेले, इंग्रजी न येणारे, शेतावर राबणारे पेशंट येतात.

तुमच्या पत्रात न आलेला, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा. बहुतेक डीओ कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. पहिली दोन वर्षं झाली की मुलं वेगवेगळ्या राज्यांतल्या हॉस्पिटलांत विखुरतात. कर्क्सव्हिलचंही तसंच आहे. डॉक्टर म्हणून माणूस घडतो तो याच दोन वर्षांत, आणि दर्जा इथेच सर्वांत खालीवर होतो. काही ठिकाणी मुलगी रेसिडेंट्सच्या टीममध्ये राउंड घेते, पेशंट स्वतः सादर करते, चुकते, पुन्हा सादर करते. काही ठिकाणी मात्र एकाच डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यात उभं राहून बघण्यात महिना जातो. म्हणून लेकीला कॉलेजाला थेट विचारू द्या. कोणत्या राज्यांत, कोणत्या हॉस्पिटलांत पाठवता? ती जागा आम्ही निवडतो की चिठ्ठी टाकून ठरते? तिथे रेसिडेंट्स असतात का? घर बदलावं लागलं तर खर्च कुणाचा? पहिल्या प्रयत्नात कॉमलेक्स पास होणारे किती, चार वर्षांत पदवी घेणारे किती, मॅचमध्ये कोणत्या शाखांत किती गेले? यांतले बरेच आकडे मान्यताप्राप्त कॉलेजांना जाहीर करावे लागतात, मागायला संकोच नको. प्रवेश कार्यालयातल्या गोड बोलण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोलणं जास्त उपयोगी पडेल. मुलं खरं सांगतात.

गाव लहान आहे याची काळजी करू नका. सतराएक हजार वस्ती, सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी दोन्ही तीनेक तासांवर, हिवाळा कडक. पण भाडी एडिसनच्या मानाने खूपच कमी आणि अभ्यासावरून लक्ष उडवायला फारसं काही नाही. कुकर, मसाल्याचा डबा आणि गोडा मसाला बरोबर दिलात की पहिली सहामाही निघते.

आता पैसा. इथे तुमच्या पोटातला गोळा रास्त आहे. खासगी डीओ कॉलेजांची नुसती फी बऱ्याच ठिकाणी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर गेली आहे. राहणं, विमा, गाडी, परीक्षा, रेसिडेन्सीसाठीचे प्रवास धरले, तर चार वर्षांचा हिशेब सव्वातीन ते साडेतीन लाखांच्या घरात जाऊ शकतो. पूर्वी सरकारी कर्ज जवळजवळ पूर्ण खर्चाइतकं मिळत असे. आता नियम बदललाय. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच मिळतील. उरलेलं तुमच्याकडून किंवा खासगी बँकेकडून. खासगी कर्जावर बँक बहुधा आईवडिलांची सही मागते. ती सही नुसती औपचारिकता नसते. लेक फेडू शकली नाही, तर बँक तुमच्या दारात येते. सरकारी कर्जाला उत्पन्नाप्रमाणे हप्ता असतो. ना-नफा हॉस्पिटलात दहा वर्षं, १२० हप्ते भरून काम केलं तर उरलेली रक्कम माफ होण्याची सोय आहे. खासगी कर्जाला यातलं काही नाही. म्हणून सरकारी कर्ज आधी पूर्ण वापरायचं आणि खासगी शक्य तितकं कमी घ्यायचं.

कोथरूडचा फ्लॅट लगेच विकायला काढू नका. आधी कागदावर वर्षावार मांडा. फी किती, सरकारी कर्ज किती, तफावत किती. चार वर्षांची तफावत एकदम लागत नाही, दर सहामाहीला लागते. फ्लॅटचं भाडं, तुमची बचत, तिची स्वतःची शिल्लक यांतून किती भागतं ते बघा. तुमच्या म्हातारपणाच्या खात्याला मात्र हात लावू नका. तिला शिक्षणासाठी कर्ज मिळेल, तुम्हाला निवृत्तीसाठी कुणी देणार नाही. याशिवाय दोन वाटा आहेत, त्या लेकीपुढे ठेवा. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती फी आणि राहण्याचा खर्च देते, त्याबदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काही वर्षं प्राथमिक आरोग्यसेवा द्यावी लागते. सैन्याची शिष्यवृत्तीही तशीच, तिच्या बदल्यात सैन्यात सेवा. दोन्हींना डीओ चालतात. घरात ‘सैन्यात मुलगी?’ असा आवाज उठेल, तो उठू दे, पण अर्ज करायचा की नाही हे तिला ठरवू द्या.

पुण्यातल्या प्रॅक्टिसवर मी कच्चा दिलासा देणार नाही. अमेरिकेबाहेर अनेक देश डीओ पदवी मानतात, सगळे मानत नाहीत. ज्या देशांत ऑस्टिओपॅथ म्हणजे वेगळा व्यवसाय, तिथे कागदपत्रांचा घोळ होतो. भारतात नोंदणीचा अधिकार नॅशनल मेडिकल कमिशनकडे आहे. ओसीआय कार्ड असलं तरी नोंदणी वेगळी मिळवावी लागते. तिच्या मनात खरोखर भारतात स्थायिक व्हायचं असेल, तर कमिशनला आत्ताच लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. ‘असू दे, उद्या वाटलं तर’ एवढाच विचार असेल, तर तेवढ्यासाठी आजचा प्रवेश सोडू नये.

राहिले नातेवाईक. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्या कॉलेजाला त्याच शहरातल्या पुरुष डॉक्टरांच्या मंडळाने एकेकाळी वाळीत टाकलं होतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. तिथे शिकवणाऱ्यांशी, तिथून पास होणाऱ्यांशी सल्लामसलतही करायची नाही, असा ठरावच त्यांनी केला होता. कोल्हापूर संस्थानाने मात्र आनंदीबाईंची पदवी बघून त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमलं. आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. तेव्हा भाऊजींना नम्रपणे, पण ठाम सांगा की चौकशी केली आहे, अमेरिकेत हा पूर्ण डॉक्टर आहे. ते शिकलेले आहेत, वरचे मुद्दे मांडलेत तर ऐकतील. नाही ऐकलं तरी प्रवेश त्यांच्या मतावर अवलंबून नाही.

आणि एक आवर्जून सांगते, राग मानू नका. तुमच्या पत्रात भाऊजी काय म्हणाले ते आहे, ह्यांचं म्हणणं आहे, मित्रांचं आहे. लेकीचं एकच वाक्य आहे, ‘आई, मला तिथे आवडलं.’ दोन वर्षं नकाराची पत्रं वाचणाऱ्या मुलीला कुणीतरी हो म्हटलंय, आणि घरात त्या हो ची तपासणी चालली आहे. तिने तुमचे चेहरे बघितले असणार. डॉक्टर होण्याच्या वाटेवर तिला बाहेर काही लोक डीओला कमी लेखताना भेटतीलच, ते ऐकायची तयारी तिला करावी लागेल. ते पहिल्यांदा घरी ऐकायला मिळू नये. अजून केलं नसेल तर आज तिचं अभिनंदन करा, पेढे आणा, ह्यांनाही बरोबर बसवा.

तीन आठवड्यांचं असं करा. पहिल्या आठवड्यात तिने कॉलेजाला वरचे प्रश्न लिहून पाठवावेत आणि दोन सीनियर विद्यार्थ्यांशी बोलावं. दुसऱ्यात तुम्ही तिघं बसून पैशांचा कागद करा, तिच्यासमोर, तिच्यापासून काही न लपवता. उत्तरं समाधानकारक आली, आणि लेकीचं मन अजून तिथेच असेल, तर तिसऱ्या आठवड्याची वाट न बघता डिपॉझिट भरा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बँकेचा व्यवहार अडकला तर फोन करून उपयोग होत नाही.